साठ दिवसांत इंग्लिश ग्रामर – आमच्या शाळेत काय झालं ते वाचा, मग पैसे द्या

मी यवतमाळ जिल्ह्यात आर्णीकडल्या एका खेड्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे. सहावी ते आठवीला इंग्लिश शिकवते. शिकवते म्हणजे माझ्याकडे आलं म्हणून शिकवते, माझं स्वतःचं डीएड मराठीतून, गणित माझा विषय, इंग्लिशमध्ये दोन वाक्यं बोलायची तर अजूनही आधी मनात जुळवून घ्यावी लागतात. हे आधीच सांगून टाकते कारण आमच्या शाळेत कोर्स विकायला आलेल्या माणसानं नेमकं हेच हेरलं होतं.

दिवाळीनंतर, सोयाबीन विकून झालं होतं अन कापसाची वेचणी सुरू होती तेव्हा तो आला. मोटरसायकल, टाय, लॅमिनेट केलेलं एक पत्र, खाली गोल शिक्का. म्हणे शिक्षण विभागाची मान्यता आहे, ग्रामर अन रायटिंग स्किलचा साठ दिवसांचा कोर्स, पाचवीच्या पुढच्या मुलांसाठी. पत्रावर जावक क्रमांक होता, तारीख होती, कोणत्या ऑफिसचं ते मात्र शिक्क्यात नीट वाचता येत नव्हतं. मी पत्राचा फोटोसुद्धा काढला नाही.

पैशाचं तो काहीच बोलला नाही. म्हणाला, मॅडम आधी फ्री लेव्हल टेस्ट घेऊ, मुलं कुठं आहेत ते तर कळू द्या. पेपर वाटले. वरती ठळक अक्षरात इंग्लिश ग्रामर टेस्ट लिहिलेलं, अन ग्रामरच्या स्पेलिंगमध्ये शेवटी ए-आर पाहिजे तिथं ई-आर. मी पाहिलं. आधी वाटलं प्रिंटिंग मिस्टेक असेल, मग वाटलं आपलंच तर चुकत नाही ना, अन मोबाईलवर बघून घ्यायचीसुद्धा लाज वाटली. गप बसले.

टेस्टमध्ये काय होतं तर नो सूनर दॅन, पॅसिव्ह व्हॉइस, रिपोर्टेड स्पीच. सहावीच्या पोट्ट्यांना! हे तर दहावी-बारावीचं काम आहे. ५२ पैकी ५२ नापास. आता शांत डोक्यानं विचार केला की कळते, पेपरच तसा काढला होता, कोणाला पासच होऊ द्यायचं नव्हतं. पण तेव्हा ते मार्क पाहून माझेच हातपाय गार झाले.

दुसऱ्या दिवशी पालकांना बोलावलं. सोबत त्यानं एक बारा-तेरा वर्षांचा पोरगा आणला होता, उभा राहिला अन पाच मिनिटं फाडफाड इंग्लिश बोलला. बाया तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. पाठ केलेलं होतं सगळं. नंतर आमच्या सातवीतल्या पोरीनं त्याला साधं विचारलं, व्हॉट इज युवर व्हिलेज नेम, तर तो पुन्हा भाषणाच्या सुरुवातीपासून सुरू झाला! पोट्टे हसले, आम्ही मोठी माणसं नाही हसलो.

मग त्यानं पालकांना सांगितलं की या कोर्सनं आठवीची स्कॉलरशिप अन एनएमएमएस (आठवीतल्या गरीब घरच्या मुलांसाठीची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा) दोन्ही निघतात, वर्षाला १२,००० रुपये भेटतात. इथं तरी मी तोंड उघडायला पाहिजे होतं. एनएमएमएसमध्ये बुद्धिमत्तेचा पेपर असतो अन दुसऱ्यात विज्ञान, समाजशास्त्र, गणित. इंग्लिश विषयच नाही त्यात! आठवीच्या स्कॉलरशिपला तेव्हा इंग्लिश होतं पण ३०० पैकी ५० मार्काचं. मला हे पाठ आहे, दरवर्षी मीच फॉर्म भरते. तरी गप. कारण मुख्याध्यापक सरांसमोर अन पालकांसमोर मीच त्याला "सर" म्हणून बसवलं होतं.

फी १,२००, आजच्या आज भरली तर ९००. ३४ जणांनी भरली. ३०,६०० रुपये. काहींनी रोख दिले, काहींनी क्यूआर स्कॅन केला, अन स्क्रीनवर नाव आलं ते त्याच्या कार्डावरच्या नावापेक्षा वेगळंच. विचारलं तर म्हणे आमच्या अकाउंटंटचं खातं आहे. पावती दिली तिच्यावर ना पत्ता ना नोंदणी नंबर, अन फी ऐवजी "सहकार्य निधी" लिहिलेलं. ९०० रुपये म्हणजे काय ते शहरातल्या माणसाला नाही कळायचं. किलोमागे दहा रुपयानं नव्वद किलो कापूस वेचायचा, दोन-तीन दिवस कंबर वाकवून, तेव्हा एका पोराची फी.

तो शनिवारी शनिवारी येणार होता. आला फक्त दोनदा. फळ्यावर बारा काळांचे फॉर्म्युले लिहिले, सब्जेक्ट प्लस हॅज प्लस व्ही थ्री, अन म्हणाला उतरवून घ्या. झाला क्लास. तिसऱ्या वेळी एक बीए सेकंड इयरचा पोरगा पाठवला, तो बिचारा स्वतःच फसलेला, नोकरीचं डिपॉझिट म्हणून त्याच्याकडून ५,००० घेतले होते. त्याच्यानंतर फोन बंद.

किट म्हणून जे पुस्तक दिलं त्यातली अर्धी पानं बालभारतीच्याच पुस्तकाची झेरॉक्स, जे बालभारतीच्या साइटवर फुकट डाउनलोड होते. बाकीच्या अर्ध्यात डिस्कस अबाउट, फर्निचर्स, आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स. म्हणजे जे मी मुलांच्या वहीत लाल पेननं कापते तेच याच्या पुस्तकात छापील!

मग पंचायत समितीत गेले. असं कोणतं पत्र आमच्याकडून निघालंच नाही म्हणे. एक फोन आधी केला असता तर पाच मिनिटांचं काम होतं.

तक्रार करायला मी दीड महिना लावला, ते का ते पण सांगते. आठवीपर्यंतचं शिक्षण मोफत आहे, अन मी शाळेच्या वर्गात बसून एका खाजगी माणसाला पालकांकडून पैसे गोळा करू दिले. चौकशी लागली तर पहिले मलाच नोटीस. म्हणूनच तर हे लोक शाळेतच येतात, त्यांना माहीत असते की मास्तर-मास्तरीण घाबरून प्रकरण दाबतील. शेवटी शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष ताईच म्हणाल्या, मॅडम चला, मी येतो सोबत. पोलीस स्टेशनला अर्ज दिला. फसवणुकीचं जुनं ४२० कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालं हे तिथं कळलं, घ्या, एवढं तरी शिकले. ऑनलाइन गेलेल्या पैशांसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावला. तो लगेच लावायचा असतो, पैसे खात्यात असेपर्यंत थांबवता येतात. दीड महिन्यानं कोण ठेवते खात्यात.

पालकांना मी पगारातून थोडे थोडे परत करून राहिले. काहींनी घेतले, काहींनी नाही घेतले. एक माय म्हणाली, "तुमाले पाहून देल्ले होते मॅडम, त्याले थोडीच वळखतो आमी." रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली.

वर्गात आता मी काळांचे फॉर्म्युले बंद केले. रोज पाच वाक्यं लिहायची, काल काय पाहिलं त्याच्यावर. मराठीत क्रियापद शेवटी येते म्हणून पोट्टे आय मँगो ईट लिहितात, टेबलावरचा "वर" मागून येतो म्हणून टेबल ऑन लिहितात, अन ए, ॲन, द तर आपल्या भाषेत नाहीच त्यामुळे ते कुठंही गायब. हे त्यांच्याच वाक्यात दाखवलं की कळते. परवा एकानं लिहिलं, माय ऑक्स नेम इज राजा, ही ईट ग्रीन गवत. दोन चुका अन एक मराठी शब्द, पण बैल मला दिसला.

मागच्या आठवड्यात दिग्रसकडच्या एका ओळखीच्या मॅडमचा फोन आला. त्यांच्या शाळेत कोणी सर आलेत, नाव वेगळं, कोर्सचं नाव पण वेगळं, फ्री टेस्ट घेतली अन सगळे नापास. मी म्हटलं पेपरचा फोटो पाठव. आला. ग्रामरच्या स्पेलिंगमध्ये शेवटी ई-आर.

विचारलं, पैसे दिले का? म्हणाली, उद्या पालकांना बोलावलंय.