फायब्रोमायल्जिया, दोनशे पानी वही आणि किचन टायमर: जानेवारी ते एप्रिल वापरून आलेला अनुभव

ज्यांना फायब्रो (म्हणजे फायब्रोमायल्जिया, अंगभर सतत दुखण्याचा आणि थकव्याचा आजार) आहे त्यांनी "जर्नल लिहा, पेसिंग करा" हे शंभरदा ऐकलं असेल, म्हणजे रोजची नोंद ठेवा आणि थकायच्या आधीच थांबत कामं बेताबेताने करा. मीही ऐकलं होतं, पण म्हणजे नक्की काय करायचं, वहीच्या पहिल्या पानावर काय लिहायचं, आणि घरात जेवायला माणसं बसलेली असताना पेसिंग कसं जमवायचं हे कोणी मराठीत धड सांगत नाही, म्हणून जरा लांबलचक लिहितेय. जानेवारीच्या थंडीत सुरू केलं, आता एप्रिल संपत आलाय, मधे होळी, पाडवा, ईयर एंड, वाळवणं सगळं येऊन गेलं, त्यामुळे टेस्टिंग कडक झालंय.

थोडं माझ्याबद्दल. नाशिकला राहते, चाळिशी ओलांडलीय, अकाउंट्सचं काम करते. निदान व्हायला खूप वेळ गेला. थायरॉईड, बी१२, डी, अंगातली सूज बघायच्या ईएसआर आणि सीआरपी, संधिवातासाठीचा आरए फॅक्टर, रक्ताच्या काय काय तपासण्या केल्या, सगळं नॉर्मल किंवा नॉर्मलच्या आसपास. सासूबाई दरवेळी रिपोर्ट बघून "चांगलंय ना मग गं, काळजी मिटली" म्हणायच्या आणि मला रडू यायचं, कारण काहीतरी सापडलं असतं तर बरं झालं असतं असं वाटायचं. शेवटी ऱ्हुमॅटॉलॉजिस्टनी (संधिवात आणि सांध्या-स्नायूंच्या दुखण्याचे डॉक्टर) एक फॉर्म दिला, शरीराचे १९ भाग, गेल्या आठवड्यात कुठे कुठे दुखलं तिथे टिक करा, शिवाय थकवा, सकाळी उठल्यावर झोप झाल्यासारखं वाटतं का, विसरायला होतं का, असे प्रश्न. पूर्वी म्हणजे १९९० च्या निकषांत शरीरावरच्या १८ जागा दाबून बघायचे आणि त्यातल्या कमीत कमी ११ ठिकाणी दुखणं गरजेचं असायचं, २०१० पासून हा टिक करायचा प्रकार आला. तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ असं सगळीकडे दुखत असेल तर हे निदान होऊ शकतं. सांधे झिजलेले नसतात, स्नायू फाटलेले नसतात, मेंदू आणि मज्जासंस्थाच दुखण्याचा आवाज मोठा करून ठेवते. खोटं नसतं ते, रिपोर्टमधे दिसत नाही एवढंच.

तर वही. साधी दोनशे पानी, कॉलनीतल्या स्टेशनरीवाल्याकडची. त्याआधी एक ॲप वापरून बघितलं होतं, त्यात दिवसातून तीनदा दुखणं शून्य ते दहात किती ते सरकवायचं. सुरुवातीला वहीतही तेच केलं आणि माझं मत स्पष्ट आहे, रोज दुखण्याला मार्क देत बसू नका. सकाळी डोळे उघडले की पहिला विचार "आज किती, सहा की सात" हा यायला लागतो, आणि मग दिवसभर माणूस आपल्याच खांद्याला कान लावून बसतो. ज्याच्याकडे आधीच आवाज मोठा झालाय त्याने अजून कान लावायचा कशाला?

आता मी फक्त काय केलं ते लिहिते. झोप कशी लागली ते एका शब्दात, मग केलेली कामं, मग रात्री एकच खूण, दिवस हिरवा, पिवळा की लाल, स्केचपेनने ठिपका. बास. फेब्रुवारीतलं एक पान जसंच्या तसं देते: "झोप तुटक. डबे २, भाजी चिरली बसून. कपडे वरच्या दोरीवर. ऑफिस, बँक रिकन्सिलिएशन, दुपारी एसी फार. येताना द्राक्षं २ किलो, पिशवी डाव्या हातात. संध्याकाळी नणंदेचा फोन, पाऊण तास. पिवळा." एवढंच. यात साहित्य काही नाही, पण पंधरा-वीस पानं झाल्यावर मागे जाऊन वाचलं की गंमत कळते.

आणि ती गंमत म्हणजे लाल दिवसाच्या आदल्या दिवशी बहुतेक वेळा काहीच नसायचं. त्याच्याही आदल्या दिवशी असायचं. तो दिवस हिरवागार, मला छान वाटतंय म्हणून मी पंखे पुसले, गादीची कव्हरं काढली, दोन डब्यांचे लाडू वळले, आणि मग दीड-दोन दिवसांनी कंबर, मांड्या, मान, सगळं एकदम. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर शरीर माल उधारीवर देतं आणि बिल परवा पाठवतं, आणि आपण बिल आलेल्या दिवशीचा हिशोब तपासत बसतो, की काल काय वेगळं खाल्लं, हवा ढगाळ होती का, एसीची झोत लागली का. म्हणून आता मला भीती लाल दिवसाची वाटत नाही, हिरव्याची वाटते. हिरव्या दिवशीच ब्रेक लावायचा असतो आणि त्याच दिवशी तो लावायची इच्छा नसते, सगळं पेसिंग या एका गोष्टीत आहे असं माझं मत झालंय.

वहीने दुसरी गोष्ट दाखवली ती म्हणजे कुठलं काम मला जड जातं. मला वाटायचं फरशी पुसणं. तर नाही! वरच्या दोरीवर कपडे वाळत घालणं, हात डोक्याच्या वर नेऊन. नंबर दोन, ओट्यापाशी एका जागी उभं राहणं. तिसरं वाचून हसाल, लांबलेले फोन आणि गोंगाट. एका हळदीच्या कार्यक्रमात डीजेजवळ बसले होते, काम शून्य, खुर्चीवर बसून फक्त, तरी दोन दिवसांनी लाल. आवाज, उजेड, वास या गोष्टी आमच्यातल्या बऱ्याच जणांना जास्त लागतात हे नंतर डॉक्टरांकडून कळलं.

मग आला टायमर. ऑनलाइन घेतला, लिंबाच्या आकाराचा, पिळायचा. फोनचा अलार्म मुद्दाम नाही लावत, फोन हातात घेतला की व्हॉट्सॲप उघडतं आणि विश्रांती तिथेच संपते. नियम एकच, दुखायला लागेपर्यंत वाट बघायची नाही, घड्याळ वाजलं की थांबायचं, दुखत नसलं तरी. ओट्यापाशी मी साधारण पाऊण तास नीट उभी राहू शकते असं मला वाटायचं, वहीतून दिसलं की अर्धा तास झाला की परवाचा दिवस पिवळा व्हायला लागतो, म्हणून वीस मिनिटं धरली. वीस मिनिटं काम, मग दहा मिनिटं आडवं किंवा निदान पाय वर घेऊन बसणं, डोळे मिटून, टीव्ही नाही. पहिले काही दिवस इतका राग यायचा की विचारू नका, कढईत फोडणी आणि हा वाजतोय. आता फोडणी टाकायच्या आधी पिळते, एवढी अक्कल आलीय. ओट्याखाली एक उंच स्टूल ठेवलंय, पोळ्या सोडून बाकी निम्मं काम त्यावर बसून होतं.

आता वसंताचं. हा ऋतू कवितेत छान असतो, आंब्याला मोहोर, कडुलिंबाला पालवी, गावाकडच्या रस्त्याला पळस पेटलेला, पण घरातल्या बाईला विचारा. फेब्रुवारी-मार्चमधे नाशिकला सकाळी स्वेटर आणि दुपारी घामाच्या धारा, त्यात सगळी मोठी कामं याच दोन महिन्यांत. आणि थंडीतला आखडलेपणा जरा सुटतो, अंग मोकळं वाटतं, म्हणजे हिरवे दिवस वाढतात, म्हणजे वर म्हणलं तसं धोकाही वाढतो. दरवर्षी पाडव्यानंतर मी आठवडाभर झोपून काढायचे, घरचे म्हणायचे ऊन लागलं.

यंदा होळीचं पुरण आदल्या दिवशी शिजवून वाटून फ्रिजमधे ठेवलं, डाळ मी शिजवली, पुरणयंत्र नवऱ्याने फिरवलं (खूप भाव खाल्ला, पण फिरवलं), होळीच्या दिवशी फक्त लाटायच्या पोळ्या, त्याही टायमर लावून दोन खेपांत. कटाची आमटी सासूबाईंनी केली. जाऊबाई म्हणाल्या "अगं विकतच्या आणायच्या ना, एवढा कशाला उद्योग", ते पण बरोबरच आहे, पण मला पुरणपोळी करायला आवडते. पेसिंग म्हणजे सगळं सोडून बसणं असं मी तरी धरत नाही.

पाडवा यंदा १९ मार्चला, म्हणजे ईयर एंडच्या ऐन तोंडावर. साफसफाई फेब्रुवारीपासूनच एकेक कप्पा करत आणली, एका दिवशी एकच कप्पा, मग तो कितीही लहान असो आणि अजून करावंसं कितीही वाटो. माळा राहिला. राहू दे. ऑफिसमधे शेवटच्या आठवड्यात मात्र सगळं कोसळलं, ३१ मार्चला कोणाचा टायमर चालतो? त्या आठवड्याची पानं कोरी आहेत आणि एप्रिलची पहिली पानं लाल. आधीच माहीत होतं म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काहीच ठेवलं नव्हतं, ना पाहुणे ना बाजार, चैत्रगौरीचं हळदीकुंकूसुद्धा पुढे ढकललं, आणि त्यामुळे दरवेळी जे दहा-बारा दिवस चालायचं ते यंदा लवकर आवरलं.

वाळवणात कुरडया हा खरा शत्रू. तीन दिवस गहू भिजवणं, वाटणं, चीक काढणं इथपर्यंत ठीक, पण तो चीक शिजताना घोटायचा असतो, लाकडी उलथनं पातेल्यात अक्षरशः रुतून बसतं, खांद्यातून जोर लावल्याशिवाय हलत नाही, आणि हात थांबवला तर गुठळ्या. मधेच टायमर वाजला म्हणून सोडून जाताच येत नाही. तर असं काम, ज्याला मधे थांबा नाही, ते मी घेतच नाही आता. शेजारच्या काकू आणि सासूबाईंनी घोटला, सोऱ्या भाच्याने दाबला, मी गच्चीवर सावलीत बसून सांडगे घातले आणि कावळे हाकलले. सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या, "तू बस, परवा झोपशील नाहीतर." परवा! उद्या नाही, परवा म्हणाल्या. वही त्यांनी कधी वाचली कोण जाणे.

व्यायामाबद्दल एक महत्त्वाचं, कारण पेसिंगच्या नावाखाली अंथरुणात पडून राहायचा मोह होतो. युरोपातल्या ऱ्हुमॅटॉलॉजी डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मधे फायब्रोसाठी ज्या शिफारशी सुधारल्या त्यात एकाच गोष्टीला ठाम पाठिंबा आहे, व्यायामाला, गोळ्यांना नाही. फिजिओने मला अगदी लाज वाटेल एवढ्यावर सुरू करायला लावलं, सात मिनिटं चालणं, सपाट रस्त्यावर, आणि दर आठवड्याला एखाद-दोन मिनिटं वाढवायची, हिरव्या दिवशी जास्त नाही आणि पिवळ्या दिवशी शक्यतो कमी नाही. आता वीसच्या पुढे गेलेय. सकाळी सातच्या आत, नंतर ऊन चटकतं. लाल दिवशी फक्त गेटपर्यंत जाऊन येते, ते पण वहीत लिहिते.

गोळ्या चालू आहेत, वहीमुळे बंद झालेल्या नाहीत, कोणी तसा अर्थ काढू नका. प्रीगाबालिनने (दुखण्यासाठी दिलेली गोळी) दुपारी पेंग येते हे मी तोंडी आधीही सांगितलं होतं, पण वही दाखवल्यावर डॉक्टरांनी वेळ आणि डोस दोन्ही बदलले, पाच मिनिटांत. डोक्यात धुकं असलं की डॉक्टरांसमोर नेमकं काहीच आठवत नाही, तिथे वही खरंच कामाला आली.

आता तक्रारी. एक, ज्या दिवशी लिहायची सगळ्यात जास्त गरज त्याच दिवशी पेन धरवत नाही, मग मी नुसता ठिपका देते. दोन, पोरं टायमरची नक्कल करतात, ट्रिंग म्हणतात आणि पळतात. तीन, हे सगळं घरात कामाला दुसरे हात असतील तरच जमतं, एकटीने राहणाऱ्या किंवा लहान बाळ असलेल्या बाईला वीस मिनिटांनी आडवी हो म्हणणं हा चेष्टेचा प्रकार आहे. आणि चार, मनातलं भडाभडा लिहून काढायचं जे जर्नलिंग असतं ते मी महिनाभर करून बघितलं, हलकं वाटलं, पण हळूहळू तेच तेच यायला लागलं. २००५ च्या एका अमेरिकन अभ्यासात फायब्रोच्या पेशंटना असं लिहायला लावलं होतं, चार महिन्यांनी दुखणं आणि थकवा कमी दिसला, दहा महिन्यांनी तो फायदा राहिला नव्हता. तेव्हा मनात साचलं की लिहा, पण त्यावर भिस्त ठेवू नका. कामांची नोंद मात्र मी सोडणार नाही.

खर्च म्हणाल तर वही शंभराच्या आत, टायमर दीड-दोनशे, स्टूल घरातलंच. दहापैकी सात मार्क. दुखणं गेलं का, तर नाही, रोज आहे. आठ-दहा दिवस सलग आडवं पडणं मात्र जानेवारीपासून एकदाही झालेलं नाही, ईयर एंड धरून. झोपेत फार फरक नाही, तीन मार्क तिथेच कापले.

वही आता संपत आलीय. पुढची घेताना उभ्या रेघांची रोजकीर्द घेणार, डावीकडे काम आणि उजवीकडे दोन दिवसांनंतरचा ठिपका, म्हणजे पानं उलटत बसायला नको. मेमधे घरात दोन लग्नं आहेत, त्यांचं पान आत्ताच आखून ठेवलंय. कोणी लग्नाच्या सीझनला डीजेच्या आवाजासाठी कानात कापूस सोडून दुसरं काही वापरून बघितलं असेल तर सांगा.