अ‍ॅमस्टरडॅमच्या घरासाठी 1,15,486 रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

1,240 युरो. बँकेने लावलेला दर 92 रुपये, वर शुल्क आणि जीएसटी, असे फेब्रुवारी 2025 मध्ये खात्यातून 1,15,486 रुपये गेले. पाच रात्रींसाठी घर, आई-अण्णा धरून आम्ही सहा जण. मे महिन्यात पोचलो तेव्हा पत्ता खरा निघाला, कालव्याकाठची ती उंच, अरुंद इमारतही खरी निघाली. दार उघडलं एका डच आजींनी. त्यांनी आपलं घर कधीच कुणाला भाड्याने दिलेलं नव्हतं. रात्रीचे साडेनऊ, रस्त्यावर सहा बॅगा, आणि अण्णांचं वय 76.

पद्धत तुम्हाला माहीत आहेच. ओळखीच्या साइटवर जाहिरात, मग 'व्हॉट्सअ‍ॅपवर बोलू', मग 'साइटचं कमिशन वाचेल, थेट खात्यावर पाठवा'. मलाही माहीत होती. पण व्हिसाची अपॉइंटमेंट आठ दिवसांवर आली होती, आणि तिथे मुक्कामाचे कागद दाखवावे लागतात. अण्णांना रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, त्यांना हॉटेलात वेगळ्या मजल्यावर ठेवायचं नव्हतं. सहा जण एका छपराखाली मावतील असं दुसरं घर मिळत नव्हतं. 'स्वस्ताच्या हावेने फसलात' असं लोक म्हणतात, पण यात माझी हाव कुठे आली?

दुसरं घर का मिळत नव्हतं, ते आता कळतंय. अ‍ॅमस्टरडॅममध्ये राहतं घर सुट्टीसाठी द्यायचं तर एका वेळी जास्तीत जास्त चार पाहुणे, असा नियम आहे. रात्रींची मर्यादा 2025 मध्ये वर्षाला 30 होती. जाहिरातीत नोंदणी क्रमांकही लागतो. तो नसेल तर पुढे बोलूच नका.

आणि मी काही डोळे मिटून निघालो नव्हतो. चार महिने हॉलमध्ये युरोपचा नकाशा लावला होता. फिरेंझे म्हणजे फ्लॉरेन्स आणि वीन म्हणजे व्हिएन्ना, हे मुलांकडून पाठ करून घेतलं. पॅरिसच्या पिनकोडचे शेवटचे दोन आकडे म्हणजे तिथला विभाग, हे पाहून हॉटेल निवडलं. 'व्हेनिस' म्हणून स्वस्तात दाखवतात ते पुष्कळदा पाण्याच्या अलीकडे, मुख्य भूमीवरचं मेस्त्रे असतं, हे ओळखून तिथे फसलो नाही. इतकं करून फसलो कुठे, तर डोंगरात.

जाहिरातीत बाल्कनीचा फोटो होता. वेताच्या दोन खुर्च्या, लाल उशा, आणि मागे निळसर डोंगर. माझी नववीतली मुलगी म्हणाली, "बाबा, हॉलंडमध्ये डोंगर असतात?" मी म्हणालो, "लांबचा असेल गं." नाशिकमध्ये कुठल्याही गच्चीवर उभं राहिलं की डोंगर दिसतो, त्यामुळे माझ्या डोळ्याला तो खटकलाच नाही. नेदरलँड या नावाचाच अर्थ सखल प्रदेश. आम्ही ज्या स्किपोल विमानतळावर उतरलो तो समुद्रसपाटीच्याही खाली आहे. त्या देशातली सगळ्यात उंच टेकडी 322 मीटरची, तीही पार दक्षिणेच्या टोकाला. पोरीने बरोबर विचारलं होतं आणि मी तिला गप्प केलं. पैशांपेक्षा हे जास्त लागलंय.

दुसरी खूण मी स्वतःच्या हाताने, परदेशी पैसे पाठवायच्या बँकेच्या ए-टू फॉर्मवर लिहिली. डच खात्याचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, एनएलने सुरू होतो आणि 18 अक्षरांचा असतो. जाहिरात देणाऱ्याचा एलटीने सुरू होत होता, 20 अक्षरांचा. एलटी म्हणजे लिथुआनिया. विचारलं तर म्हणाला, "माझा व्यवसाय तिकडे नोंदलेला आहे." पहिली दोन अक्षरं बघा. घर एका देशात आणि खातं दुसऱ्या देशात असेल तर तिथेच थांबा.

त्या रात्री हॉटेलच्या तीन खोल्या, दोन रात्रींचे 1,086 युरो. मग ट्रेनने पंधरा-वीस मिनिटांवरच्या हार्लेमला गेलो. शांत गाव, निम्म्या भाड्यात खोल्या. आधीच तिथे उतरायला हवं होतं.

तिथल्या पोलिसांनी नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, पैसे भारतातून गेलेत, तक्रार तिकडे करा. इथे आलो तर बँक म्हणाली, "सही तुमचीच आहे." पैसे परत मागवायचा संदेश पाठवायला त्यांनी सात आठवडे लावले. उत्तर आलं, खात्यात शिल्लक नाही. सात आठवड्यांनी कुठून राहणार! पोलीस ठाण्यात तीन खेपा घातल्या. "गुन्हा हॉलंडात घडला, आम्ही काय करणार?" अहो, पैसे नाशिकच्या शाखेतून गेले, फॉर्म नाशिकमध्ये भरला, फोन नाशिकमध्ये आले! भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्याला तक्रार नोंदवून घ्यावी लागते. चौथ्या खेपेला ते कलम छापून नेलं, तेव्हा अर्ज घेतला. पोचपावतीवर शिक्का आहे, पुढे काही नाही. ज्येष्ठ माणसं रस्त्यावर आली याचं कुणालाच काही नव्हतं. तुमचे पैसे गेले तर त्याच तासाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, ठाण्यात जायची वाट बघू नका. मला तर फसल्याचा तीन महिने पत्ताच नव्हता.

परवा मुलीने तोच फोटो पुन्हा शोधून काढला. त्याच खुर्च्या, त्याच लाल उशा, तोच डोंगर. आता खाली ब्रुसेल्स लिहिलंय, आठ जणांसाठी, रात्रीचे 260 युरो. मी साइटला दोनदा कळवलं, जाहिरात अजून तिथेच आहे. तुम्हाला दिसली तर तुम्हीही कळवा.