गिअर खाली पडत नाही: ऑईल बदलायचं, व्हॉल्व्ह बॉडी काढायची की गिअरबॉक्स उतरवायचा?

साखरप्याहून आंबा घाट चढताना ट्रकमागे वेग मेला. पुढचा रस्ता मोकळा झाला म्हणून पाय पूर्ण दाबला, तरी ऑटोमॅटिक गाडी वरच्याच गिअरमध्ये गुरगुरत राहिली. तिसरा नाही, दुसरा नाही. असं दोनदा झालं की माणूस गॅरेज गाठतो आणि तिथे तीनपैकी एक सल्ला मिळतो: ऑईल बदला, व्हॉल्व्ह बॉडी (ऑईलचा दाब योग्य गिअरकडे वळवणारा भाग) नाहीतर सोलेनॉइड (त्यातली विजेवर चालणारी झडप) बदला, किंवा गिअरबॉक्स उतरवून ओव्हरहॉल करा, म्हणजे पूर्ण उघडून झिजलेले भाग बदला. पहिल्या कामाला दोन-तीन तास लागतात, दुसऱ्याला एखाद-दोन दिवस, आणि तिसऱ्याला आठवडाही पुरेलच असं नाही. खर्चही त्याच चढत्या क्रमाने. हे सगळं टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (इंजिनाची ताकद ऑईलमधून गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या) ऑटोमॅटिकबद्दल आहे. एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच-गिअर यंत्र टाकतं) किंवा सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली) असेल तर दुखणं वेगळं आणि इलाजही वेगळा.

तिन्हींपैकी काहीही निवडण्याआधी फुकटातल्या दोन गोष्टी तपासा. ॲक्सिलरेटरखाली जाड मॅट सरकलेली असेल तर पेडल तळापर्यंत जातच नाही, आणि मग किकडाउन (पेडल पूर्ण दाबल्यावर आपोआप खालचा गिअर पडणं) मिळत नाही. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण इथे अडलेल्या गाड्या खरंच असतात. दुसरी गोष्ट, सपाट मोकळ्या रस्त्यावर लिव्हर मॅन्युअल मोडमध्ये घेऊन स्वतः गिअर खाली टाकून बघा. गिअर पडला तर क्लच (ऑटोमॅटिकमध्येही आत गिअर धरणाऱ्या चकत्या असतात) आणि सोलेनॉइड बहुतेक ठीक आहेत, फक्त आपोआप तशी आज्ञा जात नाही. भरधाव वेगात मात्र हा प्रयोग नको. इंजिनाचे आरपीएम मर्यादेबाहेर जाणार असतील तर कॉम्प्युटर मुद्दाम नकार देतो, तो दोष नव्हे.

मग स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) लावायचा, पण नुसता कोड वाचून थांबायचं नाही. पी०७०० एवढाच कोड आला तर त्याचा अर्थ ट्रान्समिशनच्या (गिअरबॉक्सच्या) कॉम्प्युटरची काहीतरी तक्रार आहे, इतकाच. खरा कोड त्या कॉम्प्युटरच्या आत असतो. पी०७१५ आणि पी०७२० स्पीड सेन्सरकडे बोट दाखवतात, पी०७५० शिफ्ट सोलेनॉइडकडे, आणि पी०७३० म्हणजे मागितलेलं गिअरप्रमाण मिळत नाही. मिस्त्रीला लाइव्ह डेटा (चालत्या गाडीतले सेन्सरचे आकडे आणि आज्ञा) लावून गाडी चालवायला सांगा. खालच्या गिअरची आज्ञाच निघत नसेल तर दोष पेडल, थ्रॉटल सेन्सर, वायरिंग किंवा कपलरमध्ये (वायर जोडणाऱ्या प्लगमध्ये) शोधायचा. मुंबईच्या पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल तर कपलर आधी उघडा. आज्ञा निघते पण गिअर बदलत नाही, असं दिसलं तरच गिअरबॉक्सच्या आत जायचं.

आत जायचं ठरलं तर माझा कौल आधी ऑईलला, आणि त्याचं कारण फक्त स्वस्ताई नाही. तिन्हींत हे एकच काम असं आहे, जे इलाजही आहे आणि तपासणीही. ऑईल कमी किंवा जुनं असलं की दाब पुरा बनत नाही आणि गिअर उशिरा पडतो किंवा पडतच नाही. गिअरबॉक्सखालचा ऑईलचा पॅन उतरवल्यावर तळातलं चुंबक बघा. त्यावर राखाडी, मऊ लोण्यासारखा थर असेल तर ती नेहमीची झीज. धातूचे कण टोचत असतील, किंवा क्लचचे काळे तुकडे आणि जळका वास असेल, तर उत्तर मिळालं: आतले भाग झिजलेत, ओव्हरहॉलच लागेल. ऑईल गुलाबी दुधासारखं दिसलं तर पाणी शिरलंय.

पॅन न उतरवता मशीनने फ्लश करून देतो म्हणणाऱ्याला मी नाही म्हणतो. त्यात फिल्टर जागचा हलत नाही आणि चुंबक दिसत नाही. साधं काढून भरलं तर एका वेळी साधारण तिसरा हिस्सा ते निम्मं ऑईलच बदलतं, उरलेलं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून काही दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा करावं लागतं. ऑईल गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच हवं. 'सगळ्यांना चालतं' म्हणून दिलेलं ऑईल घेऊ नका.

जुन्या गिअरबॉक्समध्ये नवं ऑईल घातलं की तो बसतो, म्हणजे बंद पडतो, ही भीती बऱ्याच जणांना असते. क्लच आधीच घासून संपला असेल तर तो कसाही बसणारच होता, ऑईल फक्त निमित्त ठरतं.

व्हॉल्व्ह बॉडीचा सल्ला कधी पटावा? सकाळी थंड गाडी नीट चालते, तासाभराने गरम झाली की एका गिअरमध्ये अडकते, आणि बंद करून पुन्हा चालू केली की थोडा वेळ सुधारते. ही लक्षणं असतील तर संशय सोलेनॉइडवर. मल्टिमीटरने त्याचा विद्युत रोध थंडपणी आणि गरमपणी मोजून घ्या. बऱ्याच जपानी गाड्यांत ऑन-ऑफ सोलेनॉइडचा रोध थंडपणी ११ ते १५ ओहम असतो. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधून घ्या. एकच सोलेनॉइड मेलेला असेल तर पूर्ण व्हॉल्व्ह बॉडी घ्यायची गरज नाही. आतल्या व्हॉल्व्हच्या खाचाच झिजल्या असतील, तर मात्र सोलेनॉइड बदलून पैसे वाया जातात.

ओव्हरहॉलचं लक्षण ओळखायला सोपं: पाय दाबल्यावर इंजिन ओरडतं, आरपीएम उसळतात, पण गाडी पुढे सरकत नाही. क्लच घसरतोय. इथे ऑईल आणि सोलेनॉइडवर पैसे घालू नका. मुंबईतल्या कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून जुना गिअरबॉक्स आणून बसवणं लवकर होतं, पण त्याच्या आत काय आहे ते कुणीच सांगू शकत नाही. चांगला कारागीर मिळत असेल तर मी आपलाच गिअरबॉक्स उघडायला देईन. काहीही केलं तरी ऑईल कूलर आणि त्याच्या नळ्या धुवून घ्या, कारण जुना चुरा तिथे अडकलेला असतो आणि तोच नव्या क्लचमध्ये जातो.

काम झाल्यावर स्कॅनरने ॲडॅप्टेशन (कॉम्प्युटरने गिअर बदलण्याबाबत शिकून ठेवलेल्या जुन्या सवयी) रिसेट करून घ्या, आणि गाडी चांगली गरम झाल्यावर मिस्त्रीला शेजारी बसवून चढावर एक फेरी मारा. पैसे त्यानंतर द्या.