उन्हाळ्यातील इलेक्ट्रोलाइट पेये : इंदूरच्या ग्राहकासाठी एक तुलना

मे महिन्यात इंदूरच्या औषध दुकानांतले फ्रिज इलेक्ट्रोलाइट (म्हणजे सोडियम, पोटॅशियमसारखे क्षार असलेल्या) पेयांनी भरून जातात. मात्र ती सारी एकाच कामाची नसतात. जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडे पडले असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनवलेल्या साध्या ओआरएसला, म्हणजे पाण्यात मिसळून प्यायच्या क्षार-साखरेच्या पुडीला, मी निःसंकोच पहिला क्रमांक देईन. एक लिटर पाण्यासाठी त्यात मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. लहान आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीने शोषले जातात व त्यांच्यामागोमाग पाणीही आत ओढले जाते, म्हणून इथली साखर चवीसाठी नसून मोजून घातलेली असते. चव बेताचीच आहे; पण लिटरची पुडी पेलाभर पाण्यात विरघळवल्यास हे प्रमाणच बिघडते.

बाटलीतल्या स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये साखर बहुधा याच्या कितीतरी पट आणि सोडियम बरेच कमी असते. दीर्घकाळ धावणाऱ्याला ते चालेल, जुलाबाच्या रुग्णाला नको. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम मात्र थोडे. इंदूरच्या सराफा या खाऊबाजारातली शिकंजी तर दुधाची मिठाईच, तिला या तुलनेत स्थान नाही.

वेष्टनावरच्या मोठ्या अक्षरांपेक्षा मागचा घटकांचा तक्ता वाचावा. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने खाद्यपेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरण्यास मनाई केली, ती गोड पेयांनाच ओआरएस समजण्याच्या गोंधळामुळे. दिवसभर सावलीत बसून काम करणाऱ्या निरोगी माणसाला साधे पाणी आणि नेहमीचे जेवण पुरते. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र अशी पेये डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत.