चपटे छर्रे की गोल तोंडाचे? ०.१७७ एअरगनसाठी काय घ्यावं

आधीच सांगून टाकतो, घरच्या गच्चीवर नाहीतर क्लबात दहा मीटरवर कागदच फोडायचा असेल तर चपट्या तोंडाचे छर्रे घ्या, गोल तोंडाच्या म्हणजे डोमवाल्या डब्यावर जास्तीचे पैसे घालू नका. ज्यांना एवढंच पाहिजे होतं ते इथून गेले तरी चालते. बाकीच्यांसाठी लिहून राहिलो, कारण इथं नागपुरात बर्डीवर दुकानात उभं राहिलं की काउंटरवरचा भाऊ हमखास सगळ्यात जड आणि सगळ्यात टोकदार डबा पुढे सरकवते, "हा मारून पाहा, आरपार जाते" म्हणते. आता आरपार कायले पाहिजे बावा, समोर कागद आहे, रानडुक्कर नाही.

माझी बंदूक म्हणजे साधी देशी स्प्रिंगवाली, नळी मोडून छर्रा भरायची. भाचीकडे क्लबाची वाल्थर एलजी ४००, पीसीपी, म्हणजे सिलेंडरमधल्या हवेवर चालणारी मॅच रायफल. दोन्हीचं बोअर, म्हणजे नळीच्या भोकाची रुंदी, ०.१७७ इंच, पण एकीला गोड लागणारा छर्रा दुसरीला अजिबात चालत नाही, आणि सगळी गंमत इथंच आहे.

छर्ऱ्याचं कसं असते, पुढे भरीव डोकं, मधे बारीक कंबर आणि मागे पोकळ स्कर्ट. हवेचा दाब आला की स्कर्ट फुलून नळीच्या आट्यांना, म्हणजे आतल्या पिळदार खाचांना, चिकटतो, हवा गळत नाही आणि छर्रा फिरत फिरत बाहेर पडतो. म्हणून डोक्याच्या आकारापेक्षा आधी तो नळीत बसतो कसा ते पाहायचं. 

चपट्याचा फायदा कागदावर लगेच दिसते. मी लग्नपत्रिकांचे जाड कागद वापरतो, घरात त्याची कमी नाही. चपटा छर्रा पंचिंग मशीनसारखं गोल स्वच्छ भोक पाडतो, काठ एकदम साफ. डोमवाला मारला तर कागद आतल्या बाजूला फाटते, भोक छर्ऱ्यापेक्षा लहान दिसते आणि रेषेला टेकला का नाही यावर वाद सुरू. रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असते, तिथे असला वाद परवडत नाही. मोठ्या मॅचला आता इलेक्ट्रॉनिक टार्गेट असते, तिथे भोक मोजत कोणी बसत नाही, पण आपल्या प्रॅक्टिसला कागदच आहे ना. डोमचा खरा उपयोग लांब अंतरावर, पंचवीस मीटरच्या पुढे, तिथे चपट्याचा वेग हवेत लवकर मरते आणि तो भरकटते. एवढी मोकळी आणि सुरक्षित जागा धरमपेठेत कोणाकडे आहे?

आता डबे. आरडब्ल्यूएस हॉबी, ७ ग्रेन (ग्रेन म्हणजे छर्ऱ्याच्या वजनाचं माप), चपटा, हलका. माझ्या देशी स्प्रिंगला हाच सगळ्यात बरा, आणि मॅचवाल्यांपेक्षा स्वस्त. तोच आरडब्ल्यूएसचा आर१० रायफलवाला ८.२ ग्रेनचा, भाचीच्या वाल्थरमधून एकावर एक जाते, माझ्या बंदुकीत मात्र त्या पैशाचं काही चीज झालं नाही. एचएनचा फिनाले मॅच जवळपास तसाच, तिच्या कोचला तो जास्त आवडते, मला फरक दिसला नाही. जेएसबी एक्झॅक्ट डोम, ८.४४ ग्रेन, बनावट एकदम देखणी, एकही स्कर्ट वाकडा नाही, पण दहा मीटरसाठी ऐपतीचं प्रदर्शन. टोकदार छर्रे नकाच घेऊ, टोक जरा जरी वाकडं असलं तरी छर्रा मनाला येईल तिकडे जाते. आणि बीबी म्हणजे स्टीलच्या गोल गोळ्या आटेदार नळीत घालायच्याच नाहीत, आटे घासून जातात.

देशी सुटे छर्रे पण आणले होते. काचेवर ओतून बोटाने फिरवले तर काहींचे स्कर्ट चेपलेले, काही अंगठ्याने दाबले की नळीत सळकन आत, काही ढकलून पण जाईनात. एकाच पुडीत. शिकाऊ पोरांना बंदूक धरायची सवय लावायला ठीक आहेत, ग्रुपची, म्हणजे सगळी भोकं जवळजवळ पडण्याची, अपेक्षा ठेवू नका.

दुकानाबद्दल एकच तक्रार, मला दिलेल्या एका डब्यावर पोचा होता आणि आतले स्कर्ट वाकलेले निघाले, बदलून मागितला तर "बाहेरूनच तसा येते" असं उत्तर. काउंटरवरच झाकण उघडून पाहा, लाजू नका. पांढरी भुकटी दिसली तर डबा जुना आहे, छर्ऱ्यातलं शिसं ओल धरून गंजते. आपल्याकडे उन्हाळाभर कूलर चालते, त्या खोलीत डबा उघडा ठेवला तर घरीही तेच होते. ती भुकटी फुंकायची नाही, छर्रे तोंडात धरायचे नाहीत, आणि साबणाने हात धुतल्याशिवाय तर्रीपोह्याला हात लावायचा नाही.

कायद्याचं पण एक. २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे ०.१७७ बोअरच्या आणि २० ज्यूलच्या आत ताकद असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही, म्हणून काही जण पोपट नाहीतर खार पाडायला निघतात. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, सरळ गुन्हा आहे तो, असल्यांसाठी हे लिहिलेलं नाही.

घेताना दोन-तीन जातीचे छोटे डबे घ्या, मित्रांसोबत वाटून घेतले तर अजून बरं. बंदूक उशीवर टेकवा, ब्रँड बदलला की सुरुवातीचे काही छर्रे सोडून द्या आणि मग पाच-पाचचे ग्रुप मारा. सगळ्यात लहान ग्रुप ज्याचा, त्या डब्याच्या बुडाशी लॉट नंबर असते, तो लिहून घ्या आणि त्याच लॉटचे दोन-चार डबे लगेच उचला, नंतर गेलं की दुकानात दुसराच लॉट आलेला असते.