डिस्कची मागची बाजू

पाऊस पडल्यावर मंगळवेढ्याच्या काळ्या रानात गाडी घातली की काय होतं, ते तिकडं शेती असणाऱ्याला सांगायला नको. माझी इसुझू व्ही-क्रॉस पिकअप दोनदा रुतली. दुसऱ्यांदा शेजाऱ्याचा ट्रॅक्टर लावून ओढून काढली, तेव्हाच ठरवलं की कंपनीचे २५५/६० आर १८ टायर बदलायचे.

थोडा अभ्यास केला होता. १७ इंची डिस्क, म्हणजे टायर ज्यावर चढतो ते धातूचं चाक, रुंदी ८ इंच, ऑफसेट प्लस २० (डिस्क गाडीला जिथं बोल्टनं बसते ती जागा मध्यापासून किती मिलिमीटरवर आहे तो आकडा; तो जितका कमी, तितकं चाक बाहेर) आणि टायर २६५/६५ आर १७, म्हणजे १७ इंची डिस्कवर बसणारा. टायरची उंची जेमतेम सव्वा सेंटिमीटर वाढते, चाक बाहेर येतं अडीच सेंटिमीटर. एवढं गाडीला झेपतं.

सोलापुरातल्या एका टायरच्या दुकानदारानं सगळं लिहून घेतलं. आठ दिवसांनी फोन आला, "मालक, २६५ संपलाय. त्याच पैशात २८५/७० देतो, तुमच्यासाठी." मी खूश झालो. फुकटातला मोठेपणा. इथंच कान टवकारायला हवे होते. २८५/७० म्हणजे टायरची रुंदी २८५ मिलिमीटर आणि बाजूची उंची तिच्या ७० टक्के. हिशोब केला असता तर चाकाचा व्यास ७६३ वरून ८३१ मिलिमीटरवर जातोय हे कळलं असतं. काट्यावर ८० दिसतात तेव्हा गाडी ८७ नं पळते. शिवाय आमच्या चिकट मातीत असा रुंद टायर तळापर्यंत रुततच नाही, वरच्या वर चिखल गोळा करत बसतो.

दुकानात गेलो तेव्हा चारही टायर डिस्कवर चढवून, काळं पॉलिश मारून तयार होते. डिस्कच्या खोक्यावर 'ईटी २०', म्हणजे ऑफसेट २०, असं स्टिकर. मला आत बसवून चहा पाजला, तोवर पोरांनी चाकं लावून टाकली. चाकं मडगार्डच्या बरीच बाहेर दिसली. विचारलं तर म्हणाला, "हाच तर लुक आहे, मालक!" जुना सेट बदल्यात सोळा हजारांना जमा केला, वर एक लाख बारा हजार रोख दिले. पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी कशाला वाढवता?" म्हणून वहीच्या कागदावर 'व्हील सेट १' लिहून दिलं. मीही घडी घालून खिशात ठेवलं.

सात रस्त्याला पूर्ण वळण घेतलं तसा टायर बंपरच्या कडेला घासला. आठवड्यात स्टिअरिंग ओढायला लागलं. शेवटी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत अलाइनमेंटच्या मिस्त्रीकडं गेलो. त्यांनी चाक उतरवून उताणं टाकलं आणि टॉर्च मारला. ऑफसेटचा आकडा जिथं कोरलेला असतो तिथं ग्राइंडर फिरवून वर रंग मारलेला. त्यांनी पट्टी लावून मोजलं: डिस्क ९ इंची, ऑफसेट उणे १२. म्हणजे चाकाची बाहेरची कड मूळ जागेपेक्षा सात सेंटिमीटर बाहेर! बेअरिंगवर सगळा भार तिरका. "दुसऱ्या कुणीतरी परत केलेल्या असतील," मिस्त्री म्हणाले.

मग टायर. बनल्याची तारीख चार आकड्यांत असते, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पुष्कळ टायरांवर ती एकाच बाजूला असते. माझ्या चारही टायरांची ती बाजू आत घातलेली. आकडा होता ३११८. म्हणजे २०१८ चा एकतिसावा आठवडा, आणि मी घेतले २०२४ च्या जूनमध्ये. आपल्याकडच्या उन्हात गोदामात सहा उन्हाळे काढलेलं रबर! नक्षीच्या खाचांत बारीक भेगा पडल्या होत्या, पॉलिशखाली दिसल्या नव्हत्या. स्टेपनी जुन्याच मापाची राहिली होती ते वेगळंच. ती लावून चारही चाकांना एकत्र जोर देणारं फोर बाय फोर टाकलं असतं तर गिअरचा भुगा झाला असता.

दुकानदार म्हणाला, "तुम्हीच तर बघून घेतलंत." ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ ला फोन केला, त्यांनी पहिल्यांदा बिल विचारलं. आरटीओकडं जायचीही सोय नव्हती. कंपनीनं दिलेल्या तपशिलात असे बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं, म्हणजे आधी गुन्हेगार मीच.

दुकानदाराशी महिनाभर घासाघीस झाली. चारही चाकं परत घेऊन त्यानं चाळीस हजार टेकवले. कंपनीचा सेट कुठं मिळेल म्हणून विचारलं तर म्हणाला, "एक आहे मागं, एकदम स्वच्छ. अडतीसला पडेल." आणून ठेवला. एका डिस्कच्या कडेला ओढ्यातल्या दगडाचा लांब ओरखडा होता. तो मीच पाडला होता, रुतलेली गाडी काढताना.