पेनाएवढा ईसी मीटर: पडद्यावरचा आकडा आणि जमिनीतले क्षार

जमिनीतले क्षार मोजायला हा मीटर घ्यावा का? घ्यावा. मात्र पिकांच्या तक्त्यातला आकडा आणि याच्या पडद्यावरचा आकडा एक नव्हे, हे ठाऊक असेल तरच.

आधी खरेदीचं. फक्त पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग क्षार) दाखवणारा पेन नको. तो मुळात विद्युत वाहकताच (म्हणजे ईसी) मोजतो आणि तिला कुणी 0.5 ने, कुणी 0.7 ने गुणून पीपीएम काढतो. त्यामुळे एकच पाणी एका पेनावर 500, तर दुसऱ्यावर 700. मिलिसायमन प्रति सेंमी दाखवणारा, 20 पर्यंत मोजणारा आणि तापमानाची दुरुस्ती स्वतः करणारा घ्या. मिलिसायमन प्रति सेंमी आणि डेसिसायमन प्रति मीटर एकच. तापमान अंशाला साधारण 2 टक्के फरक पाडतं, त्यामुळे ही दुरुस्ती नसलेला पेन भर उन्हात काहीही सांगेल.

वापर सोपा, पण धांदलीचा नाही. सावलीत वाळवलेली माती कुटून 2 मिमीच्या चाळणीतून काढा. 20 ग्रॅम मातीत 100 मिली डिस्टिल्ड वॉटर घाला (नळाचं किंवा विहिरीचं नको, त्याचे क्षार मातीच्या नावावर जमा होतात). तासभर अधूनमधून हलवा, अर्धा तास निवळू द्या आणि पेन वरच्या निवळीत धरा. टोकाच्या खाचेत बुडबुडा अडकला तर आकडा कमी येतो. पेन हलकेच गोल फिरवला की तो सुटतो. 1.413 च्या प्रमाण द्रावणात पेन आधी तपासून घ्यावा. उरलेलं द्रावण परत बाटलीत ओतू नये.

खरी गोम पुढे आहे. पिकांच्या सहनशीलतेचे तक्ते संपृक्त मातीच्या अर्कावर (माती पाण्याने जेमतेम पूर्ण भिजवून त्यातून ओढून काढलेल्या पाण्यावर) बेतलेले असतात, आणि आपण मोजलं ते पाचपट पाण्यात. भारी चिकणमातीत हा आकडा साधारण 6 ने गुणावा लागतो, वालुकामय पोयट्यात 14 च्या आसपास. समजा पेनावर 0.3 आलं. भारी जमिनीत ते 1.8 झालं, टोमॅटोची मर्यादा (जिच्यापुढे उत्पन्न घटू लागतं) 2.5, काळजी नाही. हलक्या जमिनीत तेच 4.2 होतं, म्हणजे टोमॅटोचं उत्पन्न सहाव्या हिश्शाने खाली. घेवड्याला (मर्यादा 1.0) दोन्ही ठिकाणी त्रास, कपाशीला (7.7) कुठेच नाही. मातीत जिप्सम असेल तर जादा पाण्यात ते विरघळून आकडा फुगवतं, तेही ध्यानात ठेवा.

नमुना कुठला, यावरही बरंच ठरतं. जमिनीवर साचलेला क्षारांचा पांढरा थर खरवडून मोजला तर आकडा भयंकर येणारच. 0-15, 15-30 आणि 30-60 सेंमीचे नमुने वेगळे ठेवा. ठिबकाखाली ड्रिपरच्या बुडाशी क्षार कमी आणि ओलाव्याच्या कडेला जास्त असतात, म्हणून दोन्हीकडची माती घ्या. वरच्या थरात आकडा मोठा आणि खाली उतरता असेल तर क्षार केशाकर्षणाने वर चढताहेत. आधी निचरा बघा, नुसतं पाणी सोडून भागणार नाही.

या यंत्राला सोडियम ओळखता येत नाही, ही त्याची मोठी उणीव. चोपण (सोडियम जास्त असलेल्या) जमिनीत ईसी कमी आणि सामू (पीएच) 8.5 च्या वर असू शकतो. पडद्यावर 0.2 बघून जमीन चांगली समजली, तर जिप्समची गरज असलेलं रान तसंच राहतं. त्यावर एक फुकटचा उपाय: मोजणी झाली की ती बाटली रात्रभर तशीच ठेवा. क्षार भरपूर असतील तर माती लवकर बसते आणि पाणी नितळ होतं. आकडा कमी आणि सकाळीही पाणी गढूळ, तर सोडियमचा संशय घ्या आणि तो नमुना प्रयोगशाळेत पाठवा.